चढाईचे तीस सेकंद: काउंटरच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

मंडळाची कबड्डी डिसेंबरअखेर. गेल्या वर्षी चढाईची वेळ मोबाइलवर धरली होती. उपांत्य सामन्यात वेळ धरणाऱ्यालाच फोन आला, स्क्रीनवर सासऱ्यांचं नाव, आणि चढाई किती सेकंदांची झाली यावर पाऊण तास वाद. यंदा दिवाळीत अण्णांनी मला गाठलं. अण्णा म्हणजे आमच्याकडचे जुने पंच. म्हणाले, "दिवसभर इन्व्हर्टर उघडून बसतोस, एवढं एक घड्याळ होत नाही तुझ्याच्यानं?"

हवंय ते असं: दोन मोठे आकडे, ३० पासून खाली ००, शून्यावर थांबून भोंगा, आणि पुढच्या चढाईसाठी लगेच तयार.

अर्डुइनोवर (प्रोग्राम टाकून चालणारं छोटं बोर्ड) हे तासाभराचं काम आहे, माहीत आहे मला. पण मैदानात रात्री अकराला बिघडलं तर सॉकेटमधला आयसी (चिप) उपटून दुसरा बसवणं कुणालाही जमेल. लॅपटॉप घेऊन प्रोग्राम कोण टाकत बसणार? शिवाय धाकट्या बहिणीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला हेच काउंटर (मोजणारे आयसी) आहेत. तिला हाताखाली घेतलं की तिचाही अभ्यास होईल. (तिच्या मते मी तिच्या हाताखाली आहे.)

आधी सगळं सिम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच सर्किट चालवून बघायचं. सोल्डरिंग नंतर.

आयसी ठरले. ७४९० हातात भरपूर आहेत, पण तो फक्त वर मोजतो. उलटं मोजायला ७४१९२ दोन, एक एककाला, एक दशकाला. डीकोडर (मोजलेला अंक डिस्प्लेवर दाखवणारा आयसी) ४५११, जुन्या किटमधले पडून आहेत. क्लॉक (ठरावीक वेळाने ठोका देणारा) ५५५ चा: रोध १० किलोओहम आणि ६८ किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. हिशेबाने एक फेरी १.०१ सेकंदाची. चालेल.

१३ नोव्हेंबर

रात्री नऊ ते बारा. चित्र काढून झालं. ७४१९२ च्या लोड पिना (११, सुरुवातीचा आकडा भरायच्या) खाली, शून्य व्होल्टला, धरून ठेवल्या, म्हणजे ३० स्थिर दिसायला हवं.

दिसलं काय, तर डाव्या आकड्यात डावीकडे एक उभी रेघ आणि उजव्या आकड्यात मधोमध आडवी रेघ.

मी लगेच वायरी तपासायला लागलो. अर्धा तास गेला. पिनांवरचे रंग सगळे बरोबर होते. आमच्या सिम्युलेटरमध्ये वरची पातळी लाल, खालची निळी, लोंबकळणारी पिन राखाडी. धाकटीने कागदावर सात सेगमेंट (आकड्याच्या काड्या) काढले आणि म्हणाली, "दादा, शून्यात काय विझलेलं असतं? फक्त मधली रेघ. आपल्याकडे तेवढीच पेटलीय."

उलटा डिस्प्ले. तीनमध्ये डावीकडच्या दोन काड्या विझलेल्या असतात, आमच्या तीनमध्ये त्या दोनच पेटलेल्या. ४५११ सेगमेंट पेटवायला पिन वर नेतो, त्याला कॉमन कॅथोड (सगळ्या काड्यांचं सामाईक टोक ग्राउंडला) डिस्प्ले लागतो. मी ठेवलेला कॉमन अ‍ॅनोड (सामाईक टोक पुरवठ्याला). तोही मुद्दामच, कारण मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चार इंची डिस्प्ले पाहून ठेवलाय तो कॉमन अ‍ॅनोड आहे. म्हणजे बदलायचा डीकोडर, डिस्प्ले नाही.

७४४७ घेतला. याची पिन खाली जाते तेव्हा सेगमेंट पेटतो. शिवाय हा ओपन कलेक्टर (पिन फक्त खाली ओढतो, वर नेत नाही), आउटपुट १५ व्होल्टपर्यंत सोसतो, त्यामुळे १२ व्होल्टचा मोठा डिस्प्ले मध्ये ट्रान्झिस्टर न घालता थेट चालेल. ही सोय आधीच लक्षात यायला हवी होती.

दोन्ही आयसींची पिनरचना जवळजवळ सारखी. ए, बी, सी, डी इनपुट ७, १, २, ६ वर आणि सेगमेंट ९ ते १५ वर, त्याच क्रमाने. म्हणून ४५११ काढून त्याच जागी ७४४७ ठेवला, एकही वायर हलवली नाही.

आता दिसतंय: ३. पुढे काळोख.

झोपलो.

१४ नोव्हेंबर

धाकटीने कॉलेजातून निरोप पाठवला: "पिन ५".

४५११ ची पाचवी पिन म्हणजे लॅच (आकडा धरून ठेवणारी), ती ग्राउंडला लागते. ७४४७ ची पाचवी पिन म्हणजे रिपल ब्लँकिंग इनपुट. ती ग्राउंडला असली की तो आयसी शून्य दाखवतच नाही. बाकीचे आकडे छान दाखवतो, फक्त शून्य गिळतो. म्हणून ३० चं ३ झालं. बिघाड कसला, त्याला सांगितलं तेच करत होता. बाजारातल्या कॅल्क्युलेटरवर ७ दाखवताना पुढे शून्यांची रांग दिसत नाही, तिथे हाच प्रकार असतो.

एककाची पाचवी पिन वर बांधली. ३० दिसलं.

दशकाची तशीच ग्राउंडला ठेवावी असं मला वाटतं, म्हणजे शेवटी ०९ ऐवजी नुसता ९ दिसेल. धाकटी म्हणते तेच बरं. अण्णांना फोन केला तर म्हणाले, "दोन आकडे म्हणजे दोन आकडे. एक विझला तर लोकांना वाटेल बल्ब गेला." त्यांचं बरोबर आहे. दशकाचीही वर बांधली.

१५ नोव्हेंबर

लोड पिना सोडल्या. आता मोजायला हवं. मोजत नाही. ५५५ चं आउटपुट लाल-निळं होतंय, एककाच्या चौथ्या पिनवर (उलट मोजणीचा क्लॉक) पोचतंय, आकडा मात्र ३० वर ठाण मांडून.

७४१९२ ला क्लॉक दोन असतात, वर मोजायचा पिन ५ ला आणि खाली मोजायचा पिन ४ ला. वरचा मला नकोच, म्हणून मी तो ग्राउंडला लावून टाकला होता. न वापरलेली पिन लोंबकळू देऊ नये, हे अंगवळणी पडलेलं. पण कुठे बांधायची हेही पाहावं लागतं. डेटाशीट (आयसीचं माहितीपत्रक) सांगतं: एका क्लॉकवर मोजताना दुसरा वर धरलेला असलाच पाहिजे, नाहीतर काउंटर एक तर दोन-दोनने मोजेल किंवा मोजणारच नाही. कारण पहिला फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरणारा भाग) कुठलाही क्लॉक खाली असताना उलटत नाही.

पाचव्या पिनचं माझ्याशी काय वैर आहे कळत नाही. काल ७४४७ ची, आज ७४१९२ ची.

वर बांधली. चाललं! ३०, ३९, ३८, ३७...

धाकटी हसून लोळली. "दादा, चढाई लांबली."

एकक बरोबर उतरतोय. दशकाला मात्र उतरायचं कुणी सांगतच नाही. एककाकडून दशकाकडे जाणारी वायर मी पिन १२ वरून घेतली होती, ती हातच्याची, म्हणजे वर मोजताना ९ नंतर लागणारी. खाली मोजताना उसना घ्यायचा असतो, तो पिन १३ वर. हातच्याची पिन आमच्या सर्किटमध्ये कायम वरच राहणार, तिच्यात कधी कड (पातळीतला बदल) येणारच नाही. वायर एक घर सरकवली. ३०, २९, २८. शेवटपर्यंत गेलं, ०० नंतर ९९ झालं, ते नंतर बघू.

इथे एक नोंद स्वतःसाठी. हातचा आणि उसना हे शब्द तिसरीतल्या वजाबाकीचे. पिनांच्या इंग्रजी आद्याक्षरांऐवजी चित्रावर मराठीत 'उसना' असं लिहिलं असतं तर ही चूक झाली नसती. आता लिहिलंय.

१६ नोव्हेंबर

आज काही नवीन करायचं नव्हतं. चित्र फार गुंतलं होतं म्हणून जरा आवरलं. एककाचा डीकोडर आडवा-उभा फिरवून बसवला, म्हणजे वायरी एकमेकींवरून जाणार नाहीत. दिसायला अगदी पुस्तकातल्यासारखं झालं.

चालवलं तर एककात क्रम असा: ९, १, मग एक इंग्रजी टी सारखं चिन्ह, ६, मग खाली छोटा सी, २, मग वर एक वाटी, ४, ८, ०.

हे कोडं मला आवडलं, म्हणून लगेच चित्र न तपासता कागदावर सोडवलं. ९, ६ आणि ० जागच्या जागी आहेत, बाकी सगळे भरकटलेत. बायनरीत ९ म्हणजे १००१, ६ म्हणजे ०११०, ० म्हणजे ००००. तिन्ही उलटसुलट वाचले तरी तेच. ८ च्या जागी १ येतोय: १००० उलटा वाचला की ०००१. ७ म्हणजे ०१११, उलटा १११०, म्हणजे १४. नऊच्या पुढचं काही दिलं की ७४४७ स्वतःची चित्रलिपी काढतो, १४ ला ते टी सारखं. पुराव्याला १० ला खालचा छोटा सी आणि १२ ला वरची वाटी.

म्हणजे चारही वायरी उलट्या क्रमाने लागल्या. चिन्ह आरशात फिरवलं तेव्हा ए वर असलेली पिन खाली गेली आणि मी वरून खाली सरळ वायरी ओढल्या. नीटनेटकेपणाची शिक्षा.

४५११ असता तर त्याने नऊच्या पुढे नुसता काळोख दाखवला असता आणि मला एवढा सुगावा लागला नसता.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजची संध्याकाळ वाया गेली आणि ती मीच घालवली.

३० ते ०० किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहिलं. ४१ सेकंद. पुन्हा पाहिलं. ४१. हिशेबाने एक फेरी १.०१ सेकंदाची, म्हणजे तीस फेऱ्यांना ३०.४ लागायला हव्यात.

मला वाटलं सूत्र चुकलं. सूत्र पुन्हा केलं: ०.६९३ गुणिले (१० अधिक दोनदा ६८) किलोओहम गुणिले १० मायक्रोफॅरड. तेच येतंय. मग वाटलं ५५५ च्या पाचव्या पिनला (पुन्हा पाच!) कपॅसिटर नाही म्हणून असेल. लावला. फरक शून्य. शेवटी दुकानातली सवय उफाळून आली: हिशेब गेला खड्ड्यात, किंमत बदलून बघू. ६८ चा ४७ किलोओहम केला. स्टॉपवॉचवर २९ सेकंद. झालं की! चहा प्यायलो.

जेवणानंतर धाकटीने लॅपटॉप घेतला, तिचा ब्राउझर आणि त्यातला सिनेमा बंद केला आणि टायमर चालवला. बावीस सेकंदांच्या आत संपला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सिम्युलेटरमधला सेकंद आणि भिंतीवरचा सेकंद एकच असेल असं कुठे लिहिलंय? ५५५ मधल्या कपॅसिटरचं चढणं-उतरणं तो बारीक बारीक पावलांनी काढतो, वर चौदा सेगमेंट रंगवतो, आणि आमचा लॅपटॉप जुना. त्याला जमेना की तो मागे पडतो. खिडकीच्या तळाला सिम्युलेशनची स्वतःची वेळ लिहिलेली असते, आणि शेजारी प्रोसेसरवर किती ताण आहे तेही. पाच दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं.

त्या तळातल्या वेळेने पाहिलं: ४७ किलोओहमला २१.६ सेकंद, ६८ ला परत ३०.४. सूत्र पहिल्यापासून बरोबर होतं. मी दगडावर डोकं आपटून दगडालाच मलम लावत होतो.

यापुढचा नियम: मोबाइलचं स्टॉपवॉच या टेबलावर आणायचं नाही. आणि नुसतं लॉजिक तपासताना ५५५ बाजूला काढून सिम्युलेटरचा साधा डिजिटल क्लॉक लावायचा, सगळं सुरळीत पळतं. वेळ तपासायची असेल तेव्हाच ५५५.

१९ नोव्हेंबर

०० नंतर ९९ होतंय त्याचा बंदोबस्त.

सोपी युक्ती अशी की दशकाची उसन्याची पिन (१३) दोघांच्या लोड पिनला जोडायची. दोन्ही आकडे शून्य झाले की दशकाला उसना मागायचा असतो, ती पिन खाली जाते, आणि पुन्हा ३० भरलं जातं. एक वायर, काम फत्ते.

पण नीट पाहिलं तर ०० जेमतेम अर्धा सेकंद दिसतं आणि ३० ही अर्धाच. उसन्याची पिन क्लॉक खाली आल्यावरच खाली जाते. म्हणून क्लॉक वर असेपर्यंत (०.५४ सेकंद) ००, क्लॉक खाली आला की ३०, आणि पुढच्या कडेला (०.४७ सेकंदांनी) २९. दोन आकड्यांनी मिळून एक सेकंद वाटून घेतला.

आपोआप फिरत राहणाऱ्या घड्याळाला हे चालेल. आम्हाला ०० वर थांबायचंय. काढलं.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन आलो, दुपारपासून बसलो. बोटाला शाई, की-बोर्डलाही थोडी.

शून्य ओळखायला सगळे आउटपुट एका ऑर गेटमध्ये. सगळे खाली असतील तरच गेट खाली. ३० च्या वर आपण जातच नाही, त्यामुळे दशकाचे दोन आणि एककाचे चार, मिळून सहाच वायरी पुरतात. ४०७८ मध्ये आठ इनपुट आहेत, उरलेले दोन ग्राउंडला (इथे ग्राउंडच बरोबर, दोनदा तपासलं).

पहिला प्रयत्न: हे गेट आणि ५५५ चा क्लॉक एका अँड गेटमधून (दोन्ही वर असतील तरच वर) काउंटरला. शून्य झालं की क्लॉक बंद. थांबलं! ०० वर गप्प. भोंग्याची पिन वर. धाकटीने टाळ्या वाजवल्या.

मग लोडचं बटण दहा वेळा दाबून सोडलं, प्रत्येक वेळी ३० वरून २९ व्हायला किती लागतो ते सिम्युलेटरच्या वेळेने टिपलं. कधी पाव सेकंद, कधी पाऊण, एकदा तर डोळा लवायच्या आत. ५५५ आपल्या तालात धडधडत असतो, बटण कधी सुटेल हे त्याला काय माहीत. चालत्या झोपाळ्यावर उडी मारण्यासारखं. पहिला सेकंद नशिबावर.

पाचच्या सुमाराला अण्णा आले. खुर्ची ओढून बसले, दोन वेळा पाहिलं. म्हणाले, "पोरगं अजून मध्यरेषेवर आहे आणि तुझ्या घड्याळानं एक सेकंद खाल्ला. हा कुणाच्या बाजूचा?"

मी म्हटलं, "अण्णा, एक सेकंदानं काय होतंय?"

"तिसरी चढाई असली की कळेल काय होतंय. दोन रिकाम्या गेल्यात, आता गुण नाही आणला तर गडी बाद. तो शेवटच्या सेकंदाला हात लावून परततो. आम्ही खेळायचो तेव्हा बरं होतं, दम सुटला की चढाई संपली. दम कुणाचा खोटा नसतो."

दुसरा प्रयत्न: क्लॉक अडवायचा नाही, ५५५ लाच झोपवायचं. त्याची चौथी पिन रीसेटची, खाली नेली की कपॅसिटर रिकामा आणि आउटपुट खाली. शून्य झालेलं नसेल आणि लोडचं बटण सुटलेलं असेल, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच चौथी पिन वर. म्हणजे बटण सोडलं की ५५५ झोपेतून उठून पहिल्यापासून सुरू करणार, पहिला सेकंद दरवेळी सारखा.

सारखा झाला खरा. दरवेळी सारखाच चुकीचा. बटण सोडताक्षणी २९!

हे मला कळायला चहाचे दोन कप लागले. कपॅसिटर रिकामा असतो तेव्हा ५५५ चं आउटपुट वर असतं. रीसेटने ते जबरदस्तीने खाली दाबलेलं. रीसेट सोडला की पहिलं काम म्हणजे आउटपुट वर. आणि ७४१९२ मोजतो ते नेमकं खालून वर जाणाऱ्या कडेवर. म्हणजे माझ्या सर्किटमध्ये 'सुरू' या शब्दाचा अर्थ 'एक वजा करून सुरू' असा होता.

अण्णांना हे पिना-कडांशिवाय सांगायचं होतं. म्हटलं, ढोलवाला बसल्या जागी हात वर धरून बसलाय. 'सुरू' म्हणताच पहिला ठोका. आपल्याला हवंय की 'सुरू' म्हटल्यावर त्याने हात वर न्यावा, आणि ठोका सेकंद संपल्यावर पडावा. अण्णा म्हणाले, "मग उलटा बसव त्याला."

खरंच तेवढंच होतं. ५५५ आणि काउंटरच्या मध्ये एक इन्व्हर्टर (दुकानातला नव्हे, वरचं खाली आणि खालचं वर करणारं गेट). आता आउटपुट वर जातं तेव्हा काउंटरला खाली जाणारी कड दिसते, ती तो मोजत नाही. आउटपुट खाली येईल तेव्हा मोजतो. शून्यावर थांबतानाही चांगलं, कारण त्या क्षणी ५५५ चं आउटपुट आधीच खाली आलेलं असतं, रीसेटने जास्तीची कड निघत नाही.

टिपलं: पहिला ३० आता ०.८६ सेकंद टिकतो, पुढचे सगळे आकडे १.०१. पहिला कमी का, तर कपॅसिटर पहिल्या वेळी शून्यापासून दोन तृतीयांशापर्यंत चढतो, आणि पुढच्या फेऱ्यांत दोन तृतीयांश ते एक तृतीयांश असं वरखाली. पहिल्या चढणीलाच जास्त वेळ लागतो, पण त्या सेकंदाला पुढची उतरण नसते. बेरीज केली: ०.८६ अधिक २९ गुणिले १.०१. एकूण ३०.२ सेकंद.

अण्णा पाहून म्हणाले, "आता बरोबर वाटतंय." जाताना धाकटीला विचारलं, मत दिलंस का. तिचं अठरावं पुढच्या महिन्यात.

२२ नोव्हेंबर

छोटं काम. बटणाऐवजी टॉगल स्विच. वर असेल तर ३० भरलेलं आणि घड्याळ झोपलेलं, खाली केला की चढाई सुरू. चढाई बाराव्या सेकंदाला संपली तर स्विच वर, पुन्हा ३०, पुढच्या चढाईपर्यंत तसंच. बटणाने हे होत नव्हतं, सोडलं की लगेच पळायचं. स्विचचे संपर्क थरथरले तरी बिघडत नाही, थरथरत तेच ३० पुन्हा पुन्हा भरलं जातं.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल दुकानात सहज दहा मायक्रोफॅरडचे दहा कपॅसिटर मीटरवर मोजले. सगळ्यांवर १० छापलेलं, मीटरवर दहाच्या जवळचे मोजून तीन. इलेक्ट्रोलिटिकला वीस टक्के इकडेतिकडे मान्यच असतात. सिम्युलेटरमधला मात्र १० म्हणजे दहाच, ना एक कण कमी ना जास्त. तिथे मी ३०.२ सेकंदांवर खूश होतो, आणि खरं घड्याळ वीस टक्क्यांनी चोवीस सेकंदांचं किंवा छत्तीस सेकंदांचं निघू शकतं. प्रीसेट (फिरवून बदलायचा रोध) लावून जुळवता येईल, पण डिसेंबरच्या थंडीत मैदानावर ते तसंच राहील याची खात्री कोण देणार?

५५५ गेला. मनगटी घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल आला. हा आकडा दोनचा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक हर्ट्झ. ४०६० मध्ये ऑसिलेटरही (क्रिस्टलला हलवत ठेवणारा भाग) आहे आणि चौदा वेळा निम्मं करणारी साखळीही.

पहिला विचार: ४०६० ची साखळी आणि पुढे एक फ्लिप-फ्लॉप, रीसेट ४०६० च्या बाराव्या पिनला. धाकटीने डेटाशीट वाचताना अडवलं. ४०६० चा रीसेट नुसती साखळी पुसत नाही, ऑसिलेटरही थांबवतो. घड्याळाचा क्रिस्टल जड बैलासारखा, थांबला की पुन्हा चालायला लागेपर्यंत वेळ घेतो, आणि तोही दरवेळी सारखा नाही. म्हणजे फिरून पहिला सेकंद नशिबावर. वीस तारखेचीच चूक नवे कपडे घालून आली होती.

म्हणून ४०६० ला हातच लावायचा नाही, त्याला अखंड चालू द्यायचं. त्याच्या सातव्या पिनवर (१६ ने भागलेलं) २,०४८ हर्ट्झ मिळतात. ते ४०४० ला (तशीच निम्मं करणारी साखळी, पण ऑसिलेटरशिवाय) द्यायचे, त्याच्या पिन १५ वर २,०४८ ने भागून एक हर्ट्झ. रीसेट फक्त ४०४० ला. आता चालत्या झोपाळ्यावर उडी आहेच, पण हा झोपाळा सेकंदात दोन हजार अठ्ठेचाळीस वेळा हलतो, चुकून चुकली तर एक हिंदोळा. अर्ध्या मिलिसेकंदासाठी कुणी पंचांशी भांडणार नाही. (आमच्या गावात सांगता येत नाही.)

४०४० रीसेटमधून सुटला की पिन १५ अर्ध्या सेकंदाने वर जाते आणि पूर्ण सेकंदाने खाली येते. इन्व्हर्टर आहेच मध्ये, तो तसाच ठेवला. खाली आली की काउंटर मोजणार, म्हणजे पहिला ३० पूर्ण एक सेकंद.

२६ नोव्हेंबर

सिम्युलेटरमध्ये क्रिस्टल नाचवत बसलो नाही, ४०६० च्या जागी २,०४८ हर्ट्झचा डिजिटल क्लॉक.

चालवलं तर स्विच वर असताना क्लॉक पळतोय, खाली केला की थांबतोय. ५५५ चा रीसेट खाली नेल्यावर लागायचा, ४०४० चा वर नेल्यावर. जुनी वायर तशीच जोडली होती. मध्ये एक इन्व्हर्टर, सहातले दोन वापरात. पाच मिनिटांचं काम, यावेळी वायरी न तपासता थेट डेटाशीट उघडलं.

मग सिम्युलेटरच्या वेळेने: स्विच खाली ते भोंगा, ३०.०० सेकंद. पाच वेळा. मध्येच स्विच वर करून पाहिला, क्लॉक वर असताना, खाली असताना, नेमका आकडा बदलताना. दरवेळी ३०, कधीही २९ किंवा २० नाही.

एक गोष्ट सिम्युलेटरला विचारलीच नव्हती. त्याच्यासाठी वर म्हणजे वर, लाल चौकोन. खऱ्या ७४एलएस कुळाच्या आयसीची 'वर' साधारण साडेतीन व्होल्टच्या आसपास, हमी तर २.७ चीच. आणि ४०४०, ४०७८ यांना पाच व्होल्टवर किमान साडेतीन लागतात तरच ते 'वर' मानतात. पडद्यावर तीस वेळा चालेल आणि मैदानावर कधी चालेल, कधी नाही. काउंटर, इन्व्हर्टर आणि अँड गेट ७४एचसी कुळातले घ्यायचे, त्यांची 'वर' जवळजवळ पूर्ण पाच व्होल्ट. जुना राहतो फक्त ७४४७, तो शेवटाला आहे आणि त्याला काहीही चालतं.

२८ नोव्हेंबर

शनिवारी लॅमिंग्टन रोड. यादी: ७४एचसी१९२ चार (दोन सुटे), ७४एचसी०४, ७४एचसी०८, ४०६०, ४०४०, ४०७८, ७४४७ चार, क्रिस्टल दोन, सोळा आणि चौदा पिनांचे सॉकेट, चार इंची कॉमन अ‍ॅनोड दोन, टॉगल स्विच मोठा, हातमोजे घालून दाबता येईल असा.

रात्री अण्णा पुन्हा आले. लॅपटॉपसमोर बसून स्वतःच स्विच खाली केला आणि डोळे मिटून मोठ्याने मोजायला लागले. त्यांचा तिसावा आकडा आणि भोंगा यांत दीडेक सेकंदाचा फरक पडला. लॅपटॉप मागे पडत नव्हता, तळातला ताण कमी होता, मी बघत होतो.

अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "वय झालं. बरं, तिसऱ्या चढाईला लाल दिवा लावता येईल का रे?"

धाकटीने वहीचं पान उलटलं. ती म्हणते दोन फ्लिप-फ्लॉप प्रत्येक संघाला. मी म्हणतो आधी हे सोल्डर होऊ दे.